तिथी पाहून दर्यावर : नाशिकहून गळाच्या मासेमारीला जाणाऱ्यांसाठी

गंगापूर, दारणा किंवा वैतरणेच्या काठी गळ टाकून बसणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. रोहू, कटला, मरळ यांच्यावर हात बसला की समुद्राची ओढ लागते. मग चार मित्र जमतात आणि मालवणला नाहीतर मुरूडला जाऊन बोट घ्यायची ठरते. तारीख मात्र ऑफिसच्या सुट्टीवरून निघते : दिवाळी, नाताळ, किंवा प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला शनिवार-रविवार. धरणावर हे चालून जाते, कारण तिथले पाणी आज जिथे आहे तिथेच उद्याही असते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, त्याची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, आणि वर्षातले तीन महिने तो पाहुण्यांना जवळ येऊ देत नाही.

म्हणून नियोजनाचा क्रम बदलायला हवा. आधी हंगाम पाहायचा, मग तिथी, मग तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारायचे आणि त्यात बसेल तशी रजा टाकायची. या क्रमाने गेलात तर मासा मिळण्याची शक्यता वाढते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे जण धडधाकट किनाऱ्याला परततात. पुढचे सगळे मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे.

बंदीचे दिवस आधी लक्षात घ्या

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. महाराष्ट्रात ती १९८१च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली लागू होते. या दिवसांत अनेक माशांची वीण चालू असते आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने दर्या उसळलेला असतो. मासा आणि मच्छीमार दोघांचेही रक्षण या बंदीत आहे.

वल्ह्याच्या, शिडाच्या होड्यांना ही बंदी लागू नाही. त्यामुळे जूनमध्ये कुणी ‘आमची छोटी होडी आहे, खाडीच्या तोंडापर्यंत नेतो’ असे म्हणू शकेल. नम्रपणे नाही म्हणा. त्याला ती खाडी लहानपणापासून पाठ असते. तुम्हाला ती ठाऊक नसते आणि होडी कलंडली तर त्याला स्वतःबरोबर तुम्हालाही वाचवावे लागते.

पर्यटकांना नेणाऱ्या बोटींचा पावसाळी खंड याहून मोठा असतो. सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यांत मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंद ठेवले जाते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून कोळी बांधव समुद्रात उतरतात, पण तो त्यांचा मुहूर्त आहे. आपला हंगाम सप्टेंबर ते मेचा पहिला पंधरवडा एवढाच धरा.

महिन्यागणिक दर्या

सप्टेंबरमध्ये नद्यांनी आणलेल्या गाळाने पाणी गढूळ असते. चकाकणारे कृत्रिम आमिष माशाला दिसत नाही, तेव्हा वासाचे आमिष उपयोगी पडते : कोळंबी, तारली, बांगड्याचा तुकडा. या महिन्यात खोल समुद्राचा हट्ट धरू नका. खाडीचे तोंड आणि आतला शांत पट्टा बरा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी निवळू लागते. बांगडा-तारलीचे थवे किनाऱ्याजवळ असले की त्यांच्या मागे सुरमईही येते. गळ टाकणाऱ्याला हे दिवस फार आवडतात, पण अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगामही हाच असतो. नोव्हेंबर २००९मधले फयान, ऑक्टोबर २०१९मधले क्यार आणि डिसेंबर २०१७च्या सुरुवातीचे ओखी ही तिन्ही पावसाळा सरल्यावरची वादळे होती. आकाश निरभ्र दिसले तरी या दोन महिन्यांत निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहत राहा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सर्वांत चांगला. दक्षिण कोकणात पाणी स्वच्छ असते, सकाळ थंड असते आणि लाट सहसा नरम. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. त्या दिवसांत बोटवाल्यांकडे डॉल्फिन पाहणाऱ्यांची आणि स्नॉर्कलिंगवाल्यांची रांग असते. गळाच्या मासेमारीला लागणारे चार-पाच निवांत तास तेव्हा कुणी मनापासून देऊ शकत नाही. जानेवारीचा मधला किंवा फेब्रुवारीचा कोणताही आठवडा निवडा.

मार्चपासून ऊन तापते आणि दुपारचा वारा जोर धरतो. मासा असतो, पण माणूस दमतो. उजाडायच्या आधी निघून दहा-अकराला परतायची तयारी असेल तर एप्रिलही चांगला जातो. मेच्या मध्यानंतर दुरून येणाऱ्या लाटा सुरू होतात. तेव्हा गळ आवरून ठेवावा.

दिवसाची वेळ वाऱ्यावर ठरते. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे सगळ्यांनी वाचलेले असतात. रात्री आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तोवर किनाऱ्याजवळचे पाणी सपाट राहते. ऊन चढले की वारा समुद्राकडून जमिनीकडे फिरतो आणि दुपारी पाण्यावर पांढरे फेस दिसू लागतात. म्हणून जाणता तांडेल पहाटे पाचला बोलावतो. ‘नाश्ता करून नऊला निघू’ असा आग्रह पाहुण्याने धरू नये.

नाशिकहून कुठे जावे

सर्वांत जवळचा समुद्र डहाणूचा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या रस्त्याने तो दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतो. डहाणू, चिंचणी, सातपाटी हा पट्टा उथळ आणि गाळाचा आहे. ओहोटीला पाणी दूरवर आत जाते आणि बोट चिखलात बसते. ही किनारपट्टी जाळ्यांची आहे : सातपाटीचे पापलेट, डोल जाळ्यात येणारे बोंबील. गळासाठी इथल्या खाड्यांची तोंडे धरावीत. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणाही याच बाजूला, अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते. दोन दिवसांत जाऊन यायचे असेल आणि भरती-ओहोटीची ओळख करून घ्यायची असेल तर डहाणू चांगले.

दुसरा टप्पा अलिबाग, मुरूड आणि राजपुरीच्या खाडीचा. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट जाता येते. जंजिऱ्याच्या आसपास खडक आहेत, आत खाडी आहे, आणि रायगडच्या खाड्यांचा जिताडा सर्वश्रुत आहे. वारा वाढला तर तांडेलाला समुद्र सोडून खाडीत शिरता येते, ही या जागेची मोठी सोय. सहल रद्द होण्याऐवजी जागा बदलते.

तिसरा आणि गळासाठी सर्वांत समृद्ध पट्टा मालवण, देवबाग, निवतीचा. इथे पाण्याखाली खडक आहेत, पाणी पारदर्शक आहे आणि कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, त्यामुळे गोड्या-खाऱ्या पाण्याचा संगमही हाताशी आहे. नाशिकहून हा प्रवास पाचशे किलोमीटरहून अधिक. गाडी स्वतः चालवत रात्रभर जायचे आणि पहाटे थेट बोटीवर चढायचे, हा बेत करू नका. झोप न झालेला माणूस बोटीवर सर्वांत आधी आजारी पडतो. नाशिकरोडवरून मंगला एक्सप्रेस थेट कोकण रेल्वेने रत्नागिरी-मडगावकडे जाते. किंवा ठाणे-पनवेलला गाडी बदलून कुडाळ गाठता येते, तिथून मालवण जवळ आहे. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक अजून चालू आहे का ते पाहून घ्या. एक पूर्ण दिवस पोहोचण्यासाठी, एक बोटीसाठी आणि एक राखीव ठेवा. वाऱ्याने बोटीचा दिवस खाल्ला तर हा राखीव दिवसच सहल वाचवतो.

मालवणात एक मर्यादा ठाऊक हवी. इथले सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व जवळचे पाण्याखालचे खडक हे त्याच्या गाभ्यात येतात. गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही. ‘किल्ल्याजवळ मोठा मासा आहे’ असे कुणी सांगितले तरी तिथे जाण्याचा आग्रह धरू नका. दंड झाला तर बोटवाल्याला होतो, आणि खडकांमधली पिल्ले वाढली नाहीत तर बाहेरच्या पाण्यातही मासा राहत नाही.

भरतीचे गणित पंचांगातून

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीच्या अंकाला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले तीन म्हणजे बारा, भागिले चार म्हणजे तीन, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी साधारण साडेतीनच्या आत-बाहेर. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. मुंबई-डहाणूकडे ही वेळ थोडी उशिरा आणि मालवणकडे थोडी लवकर येते, म्हणून बेत आखण्यापुरते हे गणित वापरा. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-तक्त्यात किंवा मोबाइलवर पाहून घ्या.

पाणी किती चढते हेही तिथीवरच ठरते. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते. पाणी खूप चढते, खूप उतरते, आणि ओढ जोरदार असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि ओढ मंद राहते. उत्तरेकडे डहाणूला उधाणात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, मालवणला तो दोन मीटरच्या आसपासच असतो. त्यामुळे डहाणूला तिथी चुकली तर सगळा दिवस चिखल पाहण्यात जातो, मालवणला थोडी सवलत मिळते.

आता हे गळाला कसे लावायचे? खडकावर, तळाशी मासा गरवायचा असेल तर अष्टमीच्या मागचे-पुढचे दिवस घ्या. ओढ कमी असल्याने शिसे तळाशी टिकते आणि दोरी तिरकी वाहत जात नाही. खाडीच्या तोंडाशी जिताडा किंवा रावस हवा असेल तर पाणी हलते हवे. तिथे दशमी ते त्रयोदशी हे दिवस उत्तम. या तिथ्यांना सकाळची भरती साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान भरते, म्हणजे उजाडताना चढते पाणी मिळते आणि वारा फिरायच्या आत परतता येते. ऐन उधाणाचे दिवस नवख्यांनी सोडून द्यावेत.

बोट ठरवताना विचारायचे प्रश्न

मासेमारीचा परवाना असलेली प्रत्येक बोट पर्यटक नेऊ शकत नाही. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाचा वेगळा परवाना लागतो आणि बोटीची प्रवासी-क्षमता ठरलेली असते. म्हणून पहिला प्रश्न हाच : पर्यटक नेण्याचा परवाना आहे का, आणि किती जणांचा? क्षमता सहाची असेल तर सातवा मित्र किनाऱ्यावर थांबेल, हे घरून निघतानाच ठरवून घ्या.

फोनवर पुढच्या गोष्टी स्पष्ट विचारा. भाडे तासावर आहे की फेरीवर? डिझेल, आमिष, बर्फ त्यात धरले आहे का? रॉड त्यांचे की आपण आणायचे? बोटीवर तांडेलासोबत खलाशी असतो का? जिवंत कोळंबी मिळेल का? लागलेला मासा कुणाचा? आणि सर्वांत महत्त्वाचे, समुद्र खराब झाला तर आगाऊ रकमेचे काय? हे सगळे आधी बोलले की धक्क्यावर वाद होत नाही.

गळाच्या मासेमारीसाठी गावातला पारंपरिक मच्छीमार निवडा. सिंधुदुर्गात गाबीत, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी, रायगड-पालघरकडे कोळी आणि मांगेला समाजाच्या कुटुंबांकडे पाण्याखालच्या खडकांची माहिती पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोठ्या पर्ससीन जाळ्यांशी आणि एलईडी दिव्यांच्या बेकायदा मासेमारीशी या मंडळींचा झगडा बरीच वर्षे चालू आहे. चार पाहुण्यांना एक दिवस गळ टाकायला नेऊन त्यांना रास्त पैसे मिळाले, तर मासा कमी उपसूनही घर चालू शकते. हा पैसा मधल्या दलालाकडे न जाता थेट बोटीवर जावा, असे मला मनापासून वाटते.

कुठला मासा, कुठली रीत, कुठले साहित्य

नाशिकच्या बाजारात ज्यांना सर्वाधिक मान आहे ते पापलेट आणि बोंबील गळाला येत नाहीत. ते जाळ्याचे मासे आहेत. पापलेट समुद्रातले बारीक जीव आणि जेलीसारखे मऊ खाद्य खाते, गळावरचे आमिष धरत नाही. ही अपेक्षा घरीच ठेवून या. गळाला लागतात ते शिकारी मासे.

सुरमईसाठी चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेतात, याला ट्रोलिंग म्हणतात. तिचे दात धारदार असतात, म्हणून गळाच्या वर वीतभर तारेचा तुकडा लागतो. नुसती नायलॉन दोरी ती क्षणात कापते. मोडोसा, ज्याला मुंबईकडे सकला म्हणतात, हा ताकदीचा मासा तरंगत्या खुणेच्या बोयांजवळ आणि खडकांच्या कडेला फिरतो. तळाशी, खडकात तांबोशी आणि गोबरा मिळतात. उत्तरेकडे गोबऱ्याला हेकरू म्हणतात. यांना बांगड्याचा किंवा माकलीचा तुकडा शिसे लावून तळापर्यंत सोडायचा आणि मासा लागताच पहिल्या दोन-तीन हातांत वर खेचायचा, नाहीतर तो कपारीत शिरून दोरी घासून टाकतो. खाडीच्या तोंडाशी रावस, घोळ आणि जिताडा. जिताड्याला जिवंत कोळंबीसारखे आमिष नाही.

धरणावरचे हलके साहित्य इथे पुरत नाही. मध्यम ताकदीचा सहा-सात फुटी रॉड, ४००० ते ६००० आकाराचे रीळ, तीस ते पन्नास पौंडांची विणलेली (ब्रेड) दोरी आणि पुढे पन्नास-साठ पौंडांचा जाड तंगूस एवढे सुरुवातीला पुरे. नवे काही विकत घेण्याआधी पहिली फेरी तांडेलाच्या हातदोरीवर करून पाहा. खडकावर तळाची मासेमारी करताना हातदोरी बोटांना जे सांगते ते रॉड सांगत नाही. फक्त हातमोजे किंवा बोटांना कापडी पट्टी हवी, कारण मोठ्या माशाची दोरी कातडी चिरते. परतल्यावर रीळ आणि गळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. खाऱ्या पाण्याचा थर राहिला की नवे रीळही एका हंगामात जाम होते.

जीव आधी, मासा नंतर

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. दोन्ही वेळा लोक सहलीला निघाले होते. लाइफ जॅकेट बोटीत ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. धक्का सोडण्याआधी ते अंगात घालून पट्टे बांधा आणि किनाऱ्याला पाय लागेपर्यंत काढू नका. पोहता येणाऱ्यांनाही हेच लागू. लहान मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर मुलांना नेऊ नका.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राच्या लाटा, वारा आणि दुरून येणाऱ्या लाटांचे इशारे रोज प्रसिद्ध करते. निघण्याआधी दोन दिवस ते पाहायला लागा. लाट दीड मीटरच्या पुढे सांगितली असेल तर छोट्या बोटीने नवख्यांनी जाऊ नये. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि ११२ हे तीन क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असू द्या. किती वाजता परतणार हे मुक्कामाच्या घरी सांगून निघा.

बोट लागण्याचा त्रास बहुतेकांना होतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आदल्या रात्री जड जेवण आणि मद्य टाळा. पहाटे हलके काहीतरी खाऊन निघा, पोट अगदी रिकामे नको. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. बोटीच्या मधोमध बसा, डिझेलच्या धुरापासून दूर राहा, नजर क्षितिजावर ठेवा आणि मोबाइल खिशात. बोटीवर मद्य कुणालाच नको.

माशांना हात लावतानाही शहाणपण हवे. शिंगाळ्याच्या पंखांतले काटे विषारी असतात, पाकटाच्या शेपटीला नांगी असते. असे मासे लागले तर पकडीने गळ सोडवा, ते जमत नसेल तर दोरी कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवल्यास वेदना कमी होतात. खोल रुतलेला काटा स्वतः उपटू नका, दवाखाना गाठा. गळ मांसात शिरला तरी हाच नियम, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. पोट फुगवणारा केंड मासा विषारी आहे, तो पाण्यात परत टाका. स्वयंपाकघरापर्यंत नेऊ नका.

किती ठेवायचे, काय सोडायचे

महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केले आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. सुरमई ३७ सेंटिमीटरहून लहान असेल तर ती पकडायची नाही, बांगड्यासाठी ही मर्यादा ११ सेंटिमीटर आहे. बोटीच्या कडेवर मोजपट्टी चिकटवून घ्या. लहान निघालेला मासा हात ओले करून धरा, गळ पकडीने काढा आणि मिनिटाच्या आत पाण्यात सोडा. फोटोसाठी त्याला उन्हात धरून ठेवू नका.

नियमाच्या पलीकडे दोन गोष्टी मी तुम्हाला कळकळीने सांगेन. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा ही बहुतेक वेळा लाखो अंडी देणारी मादी असते. तिला सोडा आणि मधल्या आकाराचा ठेवा. गोबऱ्याचे उलट : तो मादी म्हणून वाढतो आणि पुढे नर होतो, शिवाय वाढीला वर्षे घेतो. एका खडकावरचे मोठे गोबरे काढले की तिथली वीण विस्कटते. त्यातही खोल तळातून वर खेचलेल्या गोबऱ्याची पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. तिथे ‘पकडून सोडू’ हा विचार कामाचा नाही. जेवणापुरते दोन गोबरे मिळाले की तळाची दोरी गुंडाळा आणि सुरमईच्या मागे लागा.

कासव, डॉल्फिन आणि बहिरी म्हणजे देवमुशी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. डॉल्फिन दिसले तर गळ वर घ्या, त्यांचा पाठलाग करायला तांडेलाला सांगू नका. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका. तो वर्षानुवर्षे कासवांच्या गळ्यात अडकत राहतो.

मासा ताटापर्यंत

सुरमई, बांगडा, कुपा हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवून नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर अंग लाल होणे, खाज, डोकेदुखी असा त्रास होतो. म्हणून मासा लागल्या क्षणापासून बर्फात हवा. माशाच्या वजनाइतका तरी बर्फ निघतानाच घ्या, आणि आतडी किनाऱ्यावर लगेच काढून टाका.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मासा तिथेच खाणे. मालवण, देवबाग, मुरूडच्या घरगुती खानावळीत आपला मासा दिला तर तिरफळ घातलेली कढी किंवा तळलेली तुकडी तासाभरात ताटात येते. नाशिकला आणायचाच असेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि मासा यांचे एकावर एक थर द्या, वितळलेले पाणी वाटेत काढून टाका आणि रेल्वेने येत असाल तर खोक्याला बाहेरून प्लॅस्टिकचे दोन थर गुंडाळा.

तांडेल नाही म्हणाला तर

सगळे नीट ठरवूनही एखाद्या पहाटे धक्क्यावर तांडेल म्हणेल, ‘आज वारो आसा, नको.’ तुम्ही पाचशे किलोमीटर आलेले असता, समोर पाणी शांत दिसत असते, आणि शेजारचा कुणी जायला तयारही असतो. अशा वेळी दुसरी बोट शोधू नका. त्याने नाही म्हणून त्या दिवसाची स्वतःची कमाई सोडलेली असते. राखीव दिवस वापरा, खाडीत जाता येईल का विचारा, आणि त्याला त्या पहाटेचे निदान अर्धे पैसे द्या. पाहुणे नकाराचेही मोल देतात हे बंदरावर रुजले, तर पैशाच्या गरजेपायी धोका पत्करण्याची वेळ कुठल्याच तांडेलावर येणार नाही. पुढच्या सहलीची आगाऊ रक्कम ठरवताना ही अटही आपल्याच तोंडून मांडा : समुद्र खराब असेल तर तुम्ही नाही म्हणा, अर्धे पैसे तुमचे.